वाळूवरचा जिमखाना

वाळवंटात मुक्कामाला जाणाऱ्या माणसाने तिथे वाळवंटच मागावे, असे माझे म्हणणे आहे. हे म्हणणे इतके साधे आहे, की त्यासाठी दिवाळी अंकाची पाने अडवण्याचे कारण काय, असे एखाद्या वाचकाला वाटेल. परंतु दिवाळीच्या आणि नाताळच्या सुटीत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर इथून जी कुटुंबेच्या कुटुंबे हल्ली जैसलमेरकडे धावतात, त्यांच्यापैकी कोणालाही परतल्यावर "काय पाहिलेत?" म्हणून विचारून पाहा. किल्ला पाहिला, हवेल्या पाहिल्या, उंटावर बसलो, तंबूत राहिलो, रात्री नाच झाला, जेवण झकास होते आणि गरम पाणी चोवीस तास होते! वाळवंट कसे होते, हे मात्र कोणी सांगत नाही. सांगणार कसे? ते त्यांना कोणी दाखवलेच नाही. आणि खरे बोलायचे तर त्यांनी ते मागितलेही नाही.

ज्याला ही मंडळी 'डेझर्ट कॅम्प' म्हणतात ते काय असते, हे न पाहिलेल्यांसाठी आधी सांगतो. जैसलमेर शहराच्या पश्चिमेला चाळीस-बेचाळीस किलोमीटरवर सम नावाचे गाव आहे. तिथे वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या उंच टेकड्या आहेत. तिकडच्या बोलीत त्यांना 'धोरे' म्हणतात. थरच्या वाळवंटात जिकडे तिकडे अशाच टेकड्या असतात, ही सिनेमाने करून दिलेली समजूत आहे. वस्तुतः जैसलमेरच्या भोवतीचा पुष्कळसा मुलूख खडकाळ, मुरमाड आणि गवताळ आहे. चित्रातल्यासारख्या उघड्या, सोनेरी टेकड्या थोड्याच ठिकाणी सापडतात आणि साहजिकच सगळी जत्रा त्या थोड्या ठिकाणी लोटते. सडकेच्या दोन्ही अंगांना राहुट्यांच्या वसाहती उठल्या आहेत. राहुटी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मोहिमेवर निघालेल्या फौजेचा तळ उभा राहतो. ही राहुटी त्या जातीची नव्हे. खाली सिमेंटचा ओटा, त्यावर फरशी, वर तेवढे कापड. आत पलंग, आरसा आणि वातानुकूलन यंत्र. मागल्या अंगाला न्हाणीघर, त्यात गिझर आणि फवारा. मधल्या चौकात व्यासपीठ, ध्वनिक्षेपक आणि रंगीत दिव्यांच्या माळा. काही ठिकाणी हिरवळ राखलेली आहे आणि काही ठिकाणी तर पोहण्याचा तलावसुद्धा आहे! वरचे कापड काढून घेतले, तर लोणावळ्याच्या कोणत्याही हॉटेलात आणि या वसाहतीत फरक उरणार नाही. म्हणून मी तिला वाळूवरचा जिमखाना म्हणतो.

गेल्या डिसेंबरात अशाच एका जिमखान्यात आमचा मुक्काम पडला. त्याचे नाव सांगत नाही; एकाचे नाव घेतले म्हणजे बाकीचे उगाच सज्जन ठरतात. दुपारी चारला जीपगाड्या दाराशी आल्या. या गाड्यांचा खेळ असा, की टेकडीच्या माथ्यावरून भरधाव खाली सुटायचे, आतल्या मंडळींनी किंचाळायचे आणि पुन्हा वर चढायचे. एका टेकडीवर मी गाड्या मोजल्या, त्या अकरा भरल्या. पेट्रोलच्या धुराचा वास तिथल्या निर्मळ हवेत कसा टिकून राहतो, हे मला त्या दिवशी कळले. मग सूर्यास्ताची वेळ झाली. त्यासाठी दीडदोनशे माणसे टेकडीवर जमली होती आणि सूर्य प्रत्यक्ष मावळत असताना त्यांतली बहुतेक सगळी त्याच्याकडे पाठ करून उभी होती. छायाचित्रात सूर्य आपल्या मागे यायला हवा ना! बिंब बुडाले न बुडाले तोच सगळी गर्दी चहा-भज्यांसाठी टेकडी उतरू लागली. वाळवंटातला संधिप्रकाश त्यानंतर सुरू होतो आणि वाळूचा रंग पिवळ्यावरून तांबूस, तांबूसवरून निळसर होत जातो, हे पाहायला टेकडीवर आम्ही चार जण उरलो होतो. चौथा उंटवाला होता.

रात्री साडेसातला 'सांस्कृतिक कार्यक्रम' सुरू झाला. त्याविषयी पुढे लिहितो. तूर्त एवढेच सांगतो, की नऊच्या सुमारास वीज गेली आणि जनित्रही लगेच सुरू होईना. चौक एकदम काळोखात बुडाला. कृष्णपक्ष होता. वर पाहिले तर आकाश असे भरलेले, की ओळखीची नक्षत्रे गर्दीत हरवल्यासारखी झाली. डोक्यावर कृत्तिका आणि रोहिणी, आग्नेयेला उभा मृग आणि त्याच्याखाली क्षितिजापासून नुकताच वर आलेला व्याध. ज्या मृगाच्या आधारे लोकमान्यांनी वेदांचा काळ शोधला आणि १८९३ साली 'ओरायन' ग्रंथ प्रसिद्ध केला, तो मृग पुण्यात सदाशिव पेठेच्या गच्चीवरून आता धड दिसत नाही. तिथे तो हाताच्या अंतरावर असल्यासारखा दिसत होता. आणि त्या आकाशाखाली शंभरावर माणसे एका सुरात काय म्हणत होती? "लाइट! लाइट!" कोणी टाळ्या वाजवत होते, कोणी व्यवस्थापकाच्या नावाने शिमगा करत होते, कोणी खिशातल्या फोनचा उजेड वर आकाशाकडे मारत होते. दहाबारा मिनिटांनी वीज आली तेव्हा लोकांनी जल्लोष केला. त्या सहलीत पैसे देऊन मिळणार नाही अशी जी एकच वस्तू मिळाली होती, ती गेल्याचा तो जल्लोष होता!

इथे मी व्यवस्थापकाला दोष देणार नाही. तो दुकानदार आहे. गिऱ्हाईक जे मागते ते तो मांडतो. माझे भांडण गिऱ्हाइकाशी आहे, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या चार पैसे गाठीला बांधून मुलाबाळांसह प्रवासाला निघणाऱ्या मध्यमवर्गीय संसारी माणसांशी आहे. आपण घरून निघतो ते बदल हवा म्हणून, आणि तिथे पोचल्यावर बदल तेवढा नको म्हणतो. आमच्या शेजारच्या राहुटीतले गृहस्थ सकाळी कांदेपोहे नाहीत म्हणून रुसले होते. समोर बाजरीची ऊनऊन भाकरी, लसणाची चटणी आणि केर-सांगरीची भाजी होती. ती सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा आणि खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, त्या झाडाच्या शेंगांवर मारवाडातल्या माणसांनी दुष्काळ काढले. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात ही झाडे तुटू नयेत म्हणून ३६३ बिष्णोई स्त्रीपुरुषांनी प्राण दिले, असा इतिहास तिकडे आजही सांगितला जातो. ही सगळी कथा आमच्या गृहस्थांच्या ताटात वाढलेली होती आणि त्यांना पोहे हवे होते.

आता त्या सांस्कृतिक कार्यक्रमाकडे वळू. व्यासपीठावर आधी तीन मांगणियार गवई आले. मांगणियार आणि लंगा या थरच्या वंशपरंपरागत गायकांच्या जमाती. धर्माने मुसलमान, पण मांगणियारांचे जजमान बहुतांशी हिंदू रजपूत. जजमानाच्या घरी मूल जन्मले, लग्न निघाले, की गाणे यांचे. त्यांच्या गाण्यात कृष्णही येतो आणि सूफी संतही येतात. त्यांचे कमायचा नावाचे गजाने वाजवायचे वाद्य आहे. त्याचे वाटोळे पोट बकऱ्याच्या कातड्याने मढवलेले असते आणि त्यातून असा खोल, किंचित घोगरा सूर निघतो, की म्हातारा माणूस बोलतो आहे असे वाटावे. हमीरा गावचे साकर खाँ यांना या वाद्यासाठी २०१२ साली पद्मश्री मिळाली. पुढच्याच वर्षी ते वारले. कोमल कोठारी यांनी १९६० साली विजयदान देथा यांच्याबरोबर बोरुंदा गावात रूपायन संस्थान काढले आणि या लोकांचे संगीत गोळा करण्यात, जगापुढे नेण्यात हयात घालवली.

त्या परंपरेचे तीन वारसदार आमच्यापुढे बसले. कमायचा जेमतेम लागला होता, तोच पहिल्या रांगेतून हुकूम सुटला, "काहीतरी ओळखीचे वाजवा!" त्यांनी निमूटपणे एका हिंदी सिनेमातले गाणे धरले. पंधरा मिनिटांत त्यांना उठवण्यात आले आणि कालबेलिया मुली नाचायला आल्या. कालबेलिया म्हणजे पूर्वीचे गारुडी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर साप पकडण्याचा धंदा बेकायदा ठरला आणि उपजीविकेचा भार नाचावर आला. तो नाच २०१० साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. आमच्या जिमखान्यात त्या वारशाची किंमत दहा रुपये ठरली. एका सुखवस्तू कुटुंबप्रमुखाने दहाच्या नोटांचे पुडके काढले आणि एकेक नोट तो त्या मुलीच्या डोक्यावरून ओवाळून उडवू लागला. त्याची स्वतःची त्याच वयाची मुलगी शेजारी बसून पाहत होती. घरी सत्यनारायण घालणारी, मुलांना संस्काराच्या शिबिराला पाठवणारी ही माणसे. पाचशे कोस दूर आल्यावर एका रात्रीत त्यांची बैठक तमाशाच्या फडात जाऊन बसते, आणि याला ती संस्कृती पाहणे म्हणतात!

परंतु गाणे-बजावणे बिघडले तरी ते पुन्हा सुधारता येईल. पाण्याचे तसे नाही, आणि माझ्या तक्रारीचा गाभा पाण्यातच आहे. जैसलमेरला सालभरात पडणारा पाऊस दीडशे ते दोनशे मिलिमीटर. आपल्या महाबळेश्वरला याहून अधिक पाऊस कधीकधी एका दिवसात पडतो. तरीही ११५६ साली रावळ जैसलने वसवलेले हे शहर साडेआठशेहून अधिक वर्षे नांदते आहे. कशाच्या बळावर? तिथल्या माणसाने पाण्याचे एक शास्त्रच उभे केले, त्या बळावर. अनुपम मिश्र यांनी 'राजस्थान की रजत बूँदें' हे पुस्तक १९९५ साली लिहिले. हे मिश्र जन्माने वर्ध्याचे, म्हणजे एका अर्थी आपलेच. ते सांगतात, की तिकडचा माणूस पाण्याच्या तीन जाती मानतो. आकाशातून पडते आणि तळ्यात साठते ते पालर पाणी. खोल विहिरीत लागते ते पाताल पाणी, जे बहुधा खारे असते. आणि या दोहोंच्या मध्ये वाळूत ओल होऊन राहते ते रेजाणी पाणी. काही भागांत वाळूखाली खडूचा एक थर असतो. तो पावसाची ओल खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. त्या थरापर्यंत एक अरुंद विहीर खणतात, तिला कुंई म्हणतात. ती इतकी अरुंद असते, की आत एक माणूस कसाबसा बसून छोट्या कुदळीने खणतो, आणि त्याचा जीव गुदमरू नये म्हणून वरचे लोक मूठमूठ वाळू जोराने खाली टाकतात; तिच्याबरोबर ताजी हवा आत उतरते. एवढ्या कष्टानंतर त्या कुंईत दिवसभरात पाझरणार किती? दोन-चार घागरी! म्हणून तिच्यावर झाकण, आणि पाणी काढण्याचा गावाचा कडक नियम. ती खणणाऱ्या कारागिराला सणासुदीला मान आणि खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. आपल्याकडच्या बलुत्याची आठवण व्हावी, अशीच ती रीत.

शेतीचीही तीच तऱ्हा. आज पर्यटकांना कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचे ओसाड गाव भुताखेतांच्या गोष्टी सांगून दाखवतात. त्या पालीवालांचे खरे आश्चर्य भुतांत नाही, खडिनात आहे. खडकाळ उतारावरून वाहून येणारे पावसाचे पाणी खालच्या सखल जमिनीत बांध घालून अडवायचे, ते जिरू द्यायचे आणि मग त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा, याचे नाव खडीन. दीडशे मिलिमीटर पावसात, पाटाचे पाणी न देता, गव्हाचे पीक! आजही जैसलमेरच्या आसपास खडिनांत पेरणी होते. भुते पाहायला लोकांची रीघ लागते. बांध पाहायला मात्र कोणी थांबत नाही.

अशा मुलखात आपण उतरतो आणि फवाऱ्याखाली वीस मिनिटे उभे राहतो. सकाळी आमच्या वसाहतीच्या फाटकाशी पाण्याचे टँकर उभे होते. त्यांतले पाणी नहाणीत गेले, हिरवळीवर गेले, जीपगाड्यांवरची वाळू धुण्यातही गेले. हे पाणी येते कुठून? १९५८ साली ज्या कालव्याचे काम सुरू झाले आणि जो पुढे इंदिरा गांधी कालवा म्हणून ओळखला जाऊ लागला, त्याने हिमालयातल्या नद्यांचे पाणी जैसलमेर जिल्ह्यापर्यंत आणले. तो कालवा शेतीसाठी आणि तहानलेल्या माणसांसाठी खणला होता. शेकडो किलोमीटर चालून आलेल्या त्या पाण्याने हिरवळ भिजवावी, असा त्यामागे कोणाचा हेतू नव्हता. बेताल पाण्याने काय होते याचा दाखला खुद्द जैसलमेरच्या किल्ल्याने दिला आहे. त्यात आजही लोकवस्ती आहे. तिथे वापर घागरीचा होता, त्या बेतानेच गटारे होती. नळ आले, त्यापाठोपाठ पाहुण्यांसाठी उतारघरे आणि उपाहारगृहे आली, सांडपाणी टेकडीच्या पोटातल्या मातीत मुरू लागले आणि गेल्या शतकाच्या अखेरीस बुरूज ढासळू लागले. शत्रूच्या वेढ्यांना पुरून उरलेला किल्ला पाहुण्यांच्या आंघोळींनी खिळखिळा केला. २०१३ साली तो जागतिक वारशाच्या यादीत गेला, परंतु मुरणारे पाणी यादी वाचून थांबत नसते.

आणि ही गोष्ट आपण मराठी माणसांना कळू नये? २०१६ च्या एप्रिलात लातूरची तहान भागवायला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, हे आपण विसरलो काय? मराठवाड्यातल्या एखाद्या गावात टँकर शिरताना जी झुंबड उडते, ती ज्याने पाहिली आहे, त्याने सममध्ये टँकर रिकामा होताना मान दुसरीकडे फिरवून चालणार नाही.

समचा आणखी एक रहिवासी आहे आणि तो तर आपला जुना सोयरा. सम गावाला लागूनच राष्ट्रीय मरु उद्यान आहे. १९८० साली स्थापन झालेले, जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेले, ३१६२ चौरस किलोमीटरचे. त्याच्या गवताळ माळावर गोडावण राहतो. गोडावण म्हणजे आपला माळढोक. सोलापूरजवळच्या नान्नजला तो एके काळी दिमाखाने फिरे. आज तिथे तो दिसला तर वर्तमानपत्रात बातमी होते. १९६३ साली मोर राष्ट्रीय पक्षी ठरला, त्याआधी सलीम अलींनी या माळढोकाचे नाव सुचवले होते. आज रानात मोकळे असलेले माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत आणि त्यांतले बहुतेक या एका मुलखात. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. त्याच्या मरणाला विजेच्या तारा मोठ्या प्रमाणात कारण आहेत, हे खरे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला होता, २०२४ साली तो शिथिल होऊन प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे गेला. तेव्हा सगळे पाप राहुट्यांच्या माथी मारण्याचा माझा विचार नाही. परंतु ज्या समला या पक्ष्याची पिल्ले वाचवण्यासाठी २०१९ पासून प्रजनन केंद्र चालले आहे, त्याच समला मध्यरात्रीपर्यंत ढोल बडवायचे, झोत फिरवायचे आणि गवतावरून जीप फिरवायच्या, हे कोणत्या शहाणपणात बसते?

यावर आक्षेप येणार, ते मला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप पोटाचा. "तुमच्या नीतिपाठाने तिथल्या गरिबांच्या तोंडचा घास जाईल," असे म्हणतील. हा आक्षेप खोटा नाही. उंटाचेच पाहा. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे चार लाख उंट होते, २०१९ साली ते अडीच लाखांवर आले. ट्रॅक्टर आला, सडका झाल्या, चराऊ राने आटली. उंटाला काम उरले नाही. अशा वेळी ज्याचा उंट पर्यटकाला पाठीवर घेतो, त्याच्या घरी चूल पेटते. म्हणून तिकडे जाऊच नका, असे मी म्हणत नाही. जा, अवश्य जा. पण पैसा कोणाच्या हातात पडतो ते पाहा. जीपच्या धुडगुसाला दिलेला रुपया पेट्रोलात जातो. उंटवाल्याबरोबर दोन तास चाललात, तर तो त्याच्या घरी जातो. ध्वनिक्षेपकाच्या भाड्यात दिलेला रुपया कमायचा वाजवणाऱ्याला दिलात, तर कदाचित त्याचा मुलगा कमायचा शिकेल.

दुसरा आक्षेप सोयींचा. घरात म्हातारी माणसे, लहान मुले. त्यांचे हाल करायचे का? मुळीच नाही. डिसेंबरात तिथे रात्री हाडे गोठवणारी थंडी पडते. गोधड्या भरपूर असाव्यात, संडास स्वच्छ असावा, आजीला बादलीभर कढत पाणी मिळावे. बादली आणि फवारा यांतला फरक मात्र सोयीचा नाही, सवयीचा आहे. आपल्याच आज्या-पणज्या तांब्याने अंघोळ करत आल्या आणि त्यांच्या अंगाला कधी वास आला नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जोरात केला जातो: "आम्ही पैसे मोजले आहेत!" मोजलेत, मान्य. पैशाने टँकर मिळतो, पाऊस मिळत नाही. आणि ज्या गावच्या बायका उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करतात, त्या गावात "मी पैसे मोजले" हे वाक्य मोठ्याने उच्चारायला जीभ जरा जड व्हायला हवी.

चौथा आक्षेप शहाण्यांचा. ते म्हणतील, "तुम्हां शहरी लोकांना तिकडच्यांनी कायम घागरी वाहाव्यात, अंधारात बसावे, असेच वाटते. ते तुमचे सौंदर्य आणि त्यांचे हाल." याचे उत्तर दिलेच पाहिजे. समच्या प्रत्येक झोपडीत दिवा आणि नळ यावा, हे मला मनापासून हवे आहे. अंधार मी मागतो तो माझ्या राहुटीत, त्यांच्या घरात नव्हे; काटकसर मागतो ती पाहुण्याकडून, यजमानाकडून नव्हे. ज्याला पाणी सर्वांत उशिरा मिळाले त्याचा त्यावर पहिला हक्क, आणि जो दोन रात्रींसाठी आला त्याचा शेवटचा. यजमानाच्या घरी घास कमी असेल तर पाहुण्याने पोट भरल्याचे सांगून हात आखडता घ्यावा, हे आपल्या घरांतून लहानपणीच शिकवले जाते. ते वळण वेशीबाहेर पडताच का विसरावे?

तेव्हा वाचकहो, या सुटीत जैसलमेरचा बेत असेल, तर पैसे भरण्यापूर्वी फोनवर चार गोष्टी रोखठोक विचारा. रात्री नऊनंतर दिवे मालवता का? गवई ध्वनिक्षेपकावाचून गातात का, आणि तासभर तरी गातात का? जीपऐवजी पायी किंवा उंटावरून नेता का? माणशी एक बादली पाण्यात भागवतो म्हटले तर चालेल का? पलीकडचा माणूस आधी गोंधळेल. त्याला असे कोणी विचारलेले नसते. पण दहा जणांनी विचारले की अकराव्याला तो आपणहून सांगू लागेल. बाजार असाच वळतो. शिवाय एक दुपार गडीसर तळ्यासाठी ठेवा. चौदाव्या शतकापासून ते शहराला पाणी पाजत होते. एखादा खडीन पाहा, मुलांना त्या बांधावरून चालवा. रात्री गाणे संपल्यावर त्यांना टेकडीवर न्या आणि अर्धा तास कोणी बोलायचे नाही असा पण लावा. वाळवंटातली शांतता कानाला पहिली पाच मिनिटे टोचते. मग वाळू सरकल्याचा बारीक आवाज ऐकू येऊ लागतो, लांब कुठे तरी उंटाच्या गळ्यातली घंटा वाजते आणि मुले आपोआप कुजबुजत्या आवाजात बोलू लागतात. तो अर्धा तास कोणत्याही तिकिटात धरलेला नसतो.

दिवाळी आपण अमावास्येला साजरी करतो, पौर्णिमेला नव्हे. पूर्वजांनी दिव्यांच्या सणासाठी महिन्यातली सर्वांत काळी रात्र निवडली, यात काही विचार असेलच ना? काळोख असेल तरच पणतीला अर्थ. तहान ठाऊक असेल तरच ओंजळभर पाण्याला अर्थ. आपल्या शहरांतून काळोख गेला, शांतता गेली आणि पाण्याची किंमतही गेली. या तिन्ही गोष्टी अजून ज्या मुलखात शिल्लक आहेत, तिथे जाऊन त्या पाहायच्या, की आपल्या पायांनी तुडवून यायच्या, हे आपल्या हाती आहे. तिथला माणूस आपल्याला अडवणार नाही. तो फार अगत्यशील आहे. स्वतःची घागर रिकामी करून तो आपला फवारा चालू ठेवील. म्हणूनच तो बंद करायला आपण हात पुढे केला पाहिजे.